चूलबंद आवतण

आमच्या कॉलेजच्या प्रवेश अर्जावर सगळ्यात खाली एक रकाना होता, ‘हा अभ्यासक्रम निवडण्याचे कारण’. पहिल्या बॅचच्या चव्वेचाळीस जणांनी तिथं ‘मानवजातीची सेवा’ एवढंच लिहिलं होतं. रांगेत पहिली उभी असलेल्या मुलीने तसं लिहिलं आणि मागच्यांनी तिचं बघून उतरवलं. ती पहिली मुलगी मी. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला अख्ख्या मानवजातीचा राग आला होता. एमबीबीएसचा प्रवेश माझा तीन मार्कांनी हुकला होता आणि त्यात कोणाचा तरी हात असणारच, अशी माझी खात्री होती.

अर्ज गोळा करायला टेबलामागे शिपाई बसला होता. उंच, वाळलेला माणूस, पन्नाशीच्या आतबाहेरचा, पांढरा बुशशर्ट, आणि दोन्ही खिसे फुगलेले. त्याने माझा अर्ज वाचला, मागचे पाच-सहा वाचले आणि चष्मा कपाळावर चढवला.

“सगळेच सेवा करणार,” तो म्हणाला, “मग आजारी पडण्याचे काम कोणाकडे दिले आहे?”

माझे वडील शेजारी उभे होते, ते फीची पावती चाचपायला लागले.

“हे अर्जासाठी झाले, कन्ये. आता खरे कारण सांग.”

हे बॅप्टिस्ट रुमाव. वसईलगतच्या होळी गावचे. आमच्यासाठी पहिल्या आठवड्यातच बॅप्टिस्टकाका झाले. घरी ते त्यांच्या गावची बोली बोलत, आम्हाला त्यातलं अक्षर कळत नसे. शाळेची मराठी त्यांची चौथीतच सुटली होती. नंतरची सगळी मराठी त्यांनी चर्चमध्ये रविवारच्या मिस्सात, म्हणजे प्रार्थनेत, ऐकून उचलली होती, त्यामुळे बाहेरगावच्यांशी बोलताना ते उपदेश केल्यासारखं बोलत. मुलींना ‘कन्ये’ आणि मुलांना ‘बाळा’. एखाद्याने वर्गात उशिरा पाय टाकला की दारातून आवाज यायचा, “ये बाळा, तुझी वाट पाहून आमचे डोळे शिणले.” मारकुट्या मास्तरांपेक्षा हे जास्त लागायचं.

खरं कारण मी त्यांना दोन महिने सांगितलं नाही. माझे वडील करमाळ्याला तहसील कचेरीत कारकून. माहितीपत्रकात ‘समुद्रकिनारी निसर्गरम्य परिसर’ असं छापलं होतं आणि वडिलांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मुलीला भेटायला म्हणून जाता येईल, एवढ्यावर त्यांनी माझं आयुष्य ठरवून टाकलं. समुद्र कॉलेजपासून सायकलने अर्ध्या तासावर होता. देवरुखचा सुमेध आला कारण त्याची मावशी विरारला फुलपाड्यात राहायची, जेवणाची सोय होणार होती. तो आला आणि पंधराव्या दिवशी मावशीच्या यजमानांची नागपूरला बदली झाली, मावशी तिकडे गेली. एका मुलाच्या वडिलांनी ‘मेडिकल कॉलेज’ एवढंच ऐकून पेढे वाटले होते. होमिओपॅथी हा पुढचा शब्द त्यांच्यापर्यंत दिवाळीत पोचला. बॅप्टिस्टकाकांना ही सगळी कारणं तोंडपाठ होती. अर्जावरची सेवा त्यांनी कपाटात ठेवली होती, खरी कारणं डोक्यात.

मी एकदा चिडून विचारलं, “आमचं राहू द्या. तुम्ही का आलात इथं?”

“विहिरीचे पाणी खारट झाले,” ते लगेच म्हणाले. “केळीची वाडी पाच भावांत एक. केळ्यांना मीठ चालत नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला कोणते कॉलेज घेणार होते? या कॉलेजने घेतले.”

मग दुसरं कारणही सांगितलं. त्यांची मुलगी अँजेलिना, तिचं लग्न ठरत होतं. मुलाचे काका पॉल नावाचे बडे गृहस्थ, बोटीवर नोकरी करून आलेले. त्यांनी विचारलं, मुलीचे वडील काय करतात? कोणीतरी सांगितलं, मेडिकल कॉलेजात आहेत. पॉलसाहेबांनी पुढे विचारलं नाही, बॅप्टिस्टकाकांनी पुढे सांगितलं नाही.

“मी खोटे बोललो नाही,” ते म्हणाले. “मी कॉलेजात आहे. तू पाहतेसच.”

कॉलेज म्हणजे मुळात एक अर्धवट राहिलेलं मंगल कार्यालय होतं. तळमजल्यावर वर्ग, वर आमचं हॉस्टेल, मुलींचं एका टोकाला आणि मुलांचं दुसऱ्या. शरीररचनेचा विभाग ज्या खोलीत होता तिच्या दारावर चुन्याखालून ‘वधूपक्ष’ ही अक्षरं अजून दिसायची. वधूपक्षात एक सांगाडा टांगलेला आणि एका पेटीत सुटी हाडं. ती सांभाळायचं काम बॅप्टिस्टकाकांकडे. कवटी कोणाची हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, त्यांनी पेटीसमोर मेणबत्ती लावली. प्राचार्य म्हणाले, हे शास्त्राला धरून नाही. “सर, हिचे घरचे आज हिला शोधत असतील तर?” काका म्हणाले. प्राचार्यांनी मेणबत्ती विझेपर्यंत तास घेतला नाही.

मागच्या अंगाला कार्यालयाचं भलंमोठं स्वयंपाकघर. तिथं आमची मेस चालवायच्या जूचंद्रच्या यमुनाबाई. त्यांच्या भातात खडा निघाला तर दात आपला लागला म्हणून त्या आपल्यालाच बोलायच्या.

अशा ठिकाणी कोण टिकणार? त्या काळी प्रवेशाच्या याद्या लांबत लांबत डिसेंबर-जानेवारीपर्यंत लागायच्या. आमच्यातला प्रत्येक जण दुसऱ्या कुठल्या तरी यादीत अडकलेला होता, आणि म्हणून कोणी ट्रंक उघडत नव्हतं. म्हणजे वरचे दोन कपडे काढायचे, वापरायचे, धुऊन पुन्हा वर ठेवायचे. तळाला काय आहे ते आईला ठाऊक. बॅप्टिस्टकाका व्हरांड्यातून जाताना खोल्यांत डोकावून फक्त ट्रंका बघायचे.

याद्या लागत गेल्या तसे तपकिरी लिफाफे येत गेले. टपाल वाटायचं कामही त्यांचंच. ज्याला लिफाफा त्याची ट्रंक डोक्यावर घेऊन रिक्षापर्यंत तेच पोचवायचे, आणि “देव तुझे भले करो” म्हणून हात हलवायचे. चव्वेचाळिसातले चौदा असे गेले. नाताळानंतर आम्ही तीस उरलो आणि ऑफिसातल्या कारकुनाने सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं की फेब्रुवारीत तपासणी आहे. तिसाच्या खाली एक जरी गेला तरी पुढच्या वर्षीची परवानगी मिळणार नाही. कॉलेज बंद.

म्हणजे आणखी एक लिफाफा, की बॅप्टिस्टकाका पुन्हा खारट विहिरीपाशी. अँजेलिनाचं लग्न जानेवारीच्या शेवटच्या रविवारी होतं. मला हे सगळं ठाऊक होतं, आणि लातूरच्या दंतवैद्यकीय कॉलेजच्या प्रतीक्षायादीत माझा नंबर चौथा होता, हे बॅप्टिस्टकाकांना ठाऊक होतं. आम्ही दोघं एकमेकांशी हवापाण्याच्या गोष्टी करायचो.

आता त्यांच्या खिशांबद्दल सांगायला हवं.

होळीत आणि आजूबाजूच्या वाड्यांत कोणाकडे लग्न असलं की छापील पत्रिकेला कोणी विचारत नाही. माणूस उंबऱ्याशी येऊन तोंडाने आवतण देतो, तेव्हा ते आवतण. गेली तीस वर्षं हे काम बॅप्टिस्टकाका करत होते. आवतण दोन प्रकारचं. ‘घरटी एक’ म्हणजे घरातून एकाने यायचं. ‘चूलबंद’ म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायचीच नाही, त्या चुलीवर जेवणारं अख्खं घर आमच्याकडे. किती माणसं येणार याची मोजदाद ते वालाच्या दाण्यांनी करायचे. उजव्या खिशात कोरे वाल, डाव्या खिशात मोजलेले. उंबऱ्यावर उभं राहून बोलता बोलता एका खिशातला हात दुसऱ्या खिशात जायचा. शेवटी डावा खिसा आचाऱ्याच्या सुपात रिकामा करायचा, आचारी तेवढा तांदूळ टाकायचा. तीस वर्षांत ना कधी ताट कमी पडलं, ना कधी भात उरला. माणूस गरीब होता, पण या बाबतीत भलताच गर्विष्ठ होता.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी ते आमच्या खोलीच्या दाराशी आले. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला. हातात तपकिरी लिफाफा.

“कन्ये, हे तुझे पत्र,” ते म्हणाले. मी घेतलं. मग त्यांनी चपला काढल्या, उंबऱ्याबाहेर नीट उभे राहिले आणि म्हणाले, “आणि रविवारी दुपारी बारा वाजता आमच्या घरी अँजेलिनाचे लगीन. तुमच्या खोलीला आमचे चूलबंद आवतण.” त्यांचा हात एका खिशातून दुसऱ्यात गेला. तीन वाल. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी.

तो माणूस ते पत्र गटारात टाकू शकला असता. टपाल गहाळ होतंच. माझ्या मनात हे त्या क्षणी आलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

आता चूक कुठे झाली ते सांगते. आमच्या खोलीत एक रॉकेलचा स्टोव्ह होता, चोरून ठेवलेला. त्यावर आम्ही तिघी रात्री मॅगी करायचो. बॅप्टिस्टकाकांनी तो पाहिला होता आणि चुगली केली नव्हती. त्यांच्या हिशेबी स्टोव्ह एक, चूल एक, म्हणून घर एक, माणसं तीन. पण मंगळवारीच वॉर्डनबाईंनी धाड घालून तो स्टोव्ह जप्त केला होता. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आणि मी देशावरची. चूलबंद हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. संध्याकाळी मी मेसमध्ये जाऊन यमुनाबाईंना विचारलं.

“कोनी सांगला चूलबंद?” त्यांनी झारा खाली ठेवला.

“बॅप्टिस्टकाकांनी. पोरीच्या लग्नाचं.”

“मंग तुमची चूल कोनची?”

मी विचार केला. स्टोव्ह तर गेला. “आता आमची चूल म्हणजे तुमचीच की, यमुनाबाई.”

त्यांनी त्या प्रचंड चुलाण्याकडे पाहिलं. मग कमरेला पदर खोचला. “हे चुलीवर तीस मानसा जेवतान. आवतन चुलीला हाय, मानसाला नाय. रयवारी चूल पेटवाची नाय म्हंजे नाय. पेटवली त तो माणूस जल्माचा राग धरल. मी चालले भावाकडं.”

आणि तीसही जणांना आवतण सांगून त्या खरंच गेल्या. शनिवारी रात्री चूल सारवून, वर रांगोळीची दोन बोटं ओढून. रविवारी सकाळी तीस मुलांना चहासुद्धा मिळाला नाही.

मी त्या तीन दिवसांत लिफाफा अकरा वेळा उघडला. बुधवारपर्यंत लातूरला हजर व्हायचं होतं. लग्नाला जाऊन सोमवारी निघायचं, असं ठरवलं. लग्नाला घालायला काही बरं नव्हतं, म्हणून ट्रंक पहिल्यांदा तळापर्यंत उपसली. तळाशी आईने इस्त्री करून ठेवलेली मोरपंखी साडी होती, आणि तिच्या घडीत चिठ्ठी. ‘कोणाच्या घरी कार्य असेल तर नेस. रडत बसू नकोस.’ मी आईला न जुमानता दहा मिनिटं रडले आणि मग साडी नेसले.

बाराचं लग्न म्हणजे बाराला पोचायचं, अशी आम्हा बाहेरच्यांची समजूत. आम्ही तीसच्या तीस जण रांगेने केळीच्या वाड्यांमधून चालत पावणेबाराला मांडवात हजर. सगळे चर्चमध्ये होते. मांडवात लांब बाकं, टेबलांवर पांढरा कागद, आणि मागच्या अंगणात पातेली. त्या वासाने सुमेधचे डोळे पाणावले. आम्ही आपले शिस्तीत पुढच्या बाकांवर बसलो. तीस जणांनी पहिली अख्खी ओळ भरून टाकली.

दीड वाजता बँड वाजत आला. पुढे नवरा-नवरी, मागे वऱ्हाड, वऱ्हाडाच्या पुढे सुटाबुटातले पॉलसाहेब. मांडवाच्या दारात सगळे थबकले. नवऱ्याकडच्या मंडळींसाठी राखलेल्या पहिल्या ओळीत तीस अनोळखी तरुण हात धुऊन बसले होते.

बॅप्टिस्टकाका पॉलसाहेबांच्या खांद्यामागून दिसत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं. त्यांचा हात आपोआप डाव्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता, वाल कधीच आचाऱ्याकडे गेले होते. त्यांच्या ओठांवर आकडे दिसत होते. सत्तावीस जास्त. दोनशे ताटांचा स्वयंपाक, त्यात सत्तावीस जास्त, आणि तीही सकाळपासून उपाशी असलेली. तीस वर्षांत न चुकलेला माणूस स्वतःच्या पोरीच्या मांडवात चुकला होता. त्यांचा चेहरा असा झाला की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. शब्दाचा अर्थ विचारणारी मीच होते ना.

त्यांची बायको प्रिस्का स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्याकडे बघत होती. त्या बघण्याला भाषा लागत नव्हती.

“बॅप्टिस्ट,” पॉलसाहेब मोठ्याने म्हणाले, “ही कोण माणसं?”

बँड थांबला. आम्ही उठावं की बसावं, कोणाला कळेना. यमुनाबाईंनी सांगितलं म्हणून आलो, हे वाक्य मी मनात जुळवत होते. तेवढ्यात बॅप्टिस्टकाका पुढे आले. त्यांनी एकवार आमच्या ओळीवरून नजर फिरवली, मी नेसलेल्या साडीवर ती थांबली, आणि ते म्हणाले, “ही घरची आहेत.”

“घरची? तीस?”

“माझ्या चुलीवरची,” काका म्हणाले. मग आमच्याकडे वळून त्यांच्या बोलीत असं काही खेकसले की त्यातला एक शब्द न कळूनही आम्ही तीस जण ताडकन उठलो.

त्यांच्याकडचा नियम सोपा आहे. घरच्यांची मोजदाद होत नाही. घरचे वाढतात आणि शेवटी जेवतात. दोन मिनिटांत पहिली ओळ रिकामी होऊन तिथं वऱ्हाड बसलं, आणि आमच्या हातांत पातेली आली. सुमेधच्या हातात फुग्यांची परात. हे तिथल्या लग्नातले गोल तळलेले पाव. त्यातले चार त्याने वाटेत गिळले, पाचव्याला प्रिस्काकाकूंनी त्याचा कान पकडला. माझ्या वाट्याला आलं मटण. मी जन्माची शाकाहारी. करमाळ्याला आमच्या घरी अंड्याचं नावसुद्धा हळू आवाजात घेत. मी मोरपंखी साडीचा पदर खोचून, तोंड वळवून, श्वास धरून दोनशे माणसांना मटण वाढलं. पॉलसाहेबांनी तीनदा मागून घेतलं. तिसऱ्या वेळी म्हणाले, “तू कॉलेजात काय शिकतेस?” मी श्वास धरलेला असल्यामुळे बोटानेच सांगाड्याची खूण केली. त्यांना ती वेगळीच लागली असावी, कारण चौथ्यांदा त्यांनी काही मागितलं नाही.

चार वाजता शेवटची पंगत उठली तेव्हा पातेल्यांत रस्सा तेवढा उरला होता. प्रिस्काकाकूंनी पुन्हा भात टाकला. शेजारच्या घरांतून न सांगता कोणी अंडी पाठवली, कोणी वालाची भाजी, कोणी लोणचं. अंगणात जमिनीवर आम्ही तीस जण, काका, काकू, आचारी आणि बँडवाले असे बसलो. मला काकूंनी बटाट्याची भाजी आधीच बाजूला काढून ठेवली होती, वर मूठभर सुकेळी, म्हणजे वाडीतली वाळवलेली केळी. “तुझा बॅप्टिस्टने सांगून ठेवला होता,” त्या म्हणाल्या. बॅप्टिस्टकाका माझ्या शेजारी बसले होते. सकाळपासून त्यांनीही काही खाल्लं नव्हतं.

“काका, चूक माझी होती,” मी म्हणाले.

“नाही, कन्ये. मी चुली मोजतो आणि चूल बघायला विसरलो.” ते भात कालवत राहिले. “उद्या ट्रंक किती वाजता खाली आणू?”

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. हा माणूस दिवसभर माझ्यामुळे घामाघूम झाला, उद्या माझ्यामुळे त्याची नोकरी जाणार, आणि हा ट्रंकेची वेळ विचारत होता.

“ट्रंकेत काही नाही,” मी म्हणाले. “सगळं बाहेर पसरलंय. आता कोण भरत बसणार?”

काकांनी मान वर केली नाही. फक्त शेजारच्या पातेल्यातून आणखी एक डाव भात माझ्या ताटात टाकला. मला अजिबात नको होता.

सोमवारी मी एसटीडी बूथवरून वडिलांना सांगितलं की मी लातूरला जात नाही. त्यांनी आधी मला वेडी म्हटलं, मग आईच्या लाडांना दोष दिला, मग विचारलं की का. मी खरं कारण सांगितलं. लातूरला कोणी मला ओळखत नाही आणि गेल्या गेल्या हातात पातेलं देणार नाही. मग ते म्हणाले, “समुद्र तरी बघून घे. मी मे महिन्यात येतो.”

तपासणीला आम्ही तीस होतो. तपासणीच्या साहेबांनी एकेकाला तोच प्रश्न विचारला, हा अभ्यासक्रम का निवडला? तीस जणांनी एका सुरात सांगितलं, मानवजातीची सेवा. दाराशी उभे असलेले बॅप्टिस्टकाका खोकल्याची उबळ आल्यासारखं करून बाहेर गेले.

कॉलेज टिकलं. पुढे त्याला स्वतःची इमारत मिळाली, वधूपक्ष गेला. काका तिथूनच २००३ साली निवृत्त झाले. प्रिस्काकाकू त्याच्या दोन वर्षं आधी गेल्या. अँजेलिना नवऱ्याबरोबर कुवेतला. आम्ही तिसांतले नऊ जण वसई-विरारमध्येच राहिलो. सुमेधने तर फुलपाड्यात मावशीच्याच जुन्या इमारतीत घर घेतलं. मोबाईल आले, आम्ही एकमेकांना फोन करत राहिलो, आणि काकांकडे जायचं पुढच्या रविवारवर ढकलत राहिलो. हे सांगायला मला आवडत नाही, पण तसंच झालं.

२००४ साली मी फुलपाड्यात दवाखाना काढला. सगळ्यांना एसएमएस केला. होळीला मात्र स्वतः गेले. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, नीट उभी राहिले आणि म्हणाले, “रविवारी बारा वाजता दवाखान्याचं उद्घाटन. तुम्हाला आमचं चूलबंद आवतण.”

त्यांना फार गंमत वाटली. उजव्या खिशात हात घातला. वाल अजून होते. एकच दाणा काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. “माझ्या चुलीवर आता मीच,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. मी तो दाणा मुठीत धरून रिक्षात बसले आणि विरारपर्यंत मूठ उघडली नाही.

रविवारी ते बाराला पाच कमी असताना आले, धुतलेल्या शर्टात. गच्चीवर मांडव होता, दीडशे माणसं, फुलपाड्यातले शेजारी, माझे सासरचे. बॅचमधले चोवीस जण आले होते. कोणीतरी काकांना मोठ्या मानाने पुढे नेऊन पहिल्या पंगतीत मधोमध बसवलं. ते संकोचून, हात मांडीवर ठेवून बसले. पाहुण्यासारखे, एका दाण्याएवढी जागा घेऊन.

मी तिथं गेले. हातात आमटीची बादली होती.

“काका, उठा.”

ते दचकले. माझ्या सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

“पहिल्या पंगतीला बसलात? घरचे कधी जेवतात?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाजूला भाताची परात घेऊन उभ्या असलेल्या सुमेधकडे, मग मागे पळी-पातेली घेऊन ताटकळलेल्या बाकीच्यांकडे. ओठ हलले. ते मोजत होते. मोजून झाल्यावर चष्मा कपाळावर चढवला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि माझ्या हातातली बादली घेतली.

“इकडून सुरू करू,” त्यांनी विचारलं, “की तिकडून?”